नियमाला बगल देणारा अभियंता

अमेरिकेतल्या जुन्या मोटारींच्या बाजारात १९६४ सालची ‘पॉन्टियॅक जीटीओ’ विक्रीला आली की जाहिरातीचा मजकूर साधारण ठरलेला असतो. गाडी पूर्ण सुटी करून, गंज खरवडून, पत्रा नव्याने ठोकून आणि मूळच्या रंगात रंगवून तिचा जीर्णोद्धार झालेला असतो. त्याखाली सुधारणांची यादी येते. मूळच्या ड्रम ब्रेकच्या जागी डिस्क ब्रेक, चार गतींच्या गिअरबॉक्सऐवजी पाच गतींचा, कार्ब्युरेटर काढून त्या जागी इंधन फवारणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, रेडियल टायर, हल्लीच्या मालकांना हवे असलेले वातानुकूलन. जाणते गिऱ्हाईक हे सारे वाचते आणि मग एकच प्रश्न विचारते: गाडी अस्सल जीटीओ आहे ना?

हा प्रश्न अकारण विचारला जात नाही. १९६४ आणि १९६५ या दोन वर्षांत जीटीओ हे स्वतंत्र गाडीचे नावच नव्हते. ‘टेम्पेस्ट’ या मध्यम आकाराच्या गाडीवर जादा पैसे भरून घ्यायचा तो एक संच होता. त्यामुळे त्या वर्षांच्या गाड्यांवर ठोकलेल्या क्रमांकावरून ती साधी टेम्पेस्ट आहे की जीटीओ, हे कळत नाही. टेम्पेस्टचे ३२६ घनइंचांचे इंजिन आणि जीटीओचे ३८९ घनइंचांचे इंजिन बाहेरून एकाच मापाचे असल्याने एकाच्या जागी दुसरे अलगद बसते. चार बिल्ले लावले की साध्या गाडीची जीटीओ होते आणि किंमत दुणावते. म्हणूनच पॉन्टियॅकच्या जुन्या कारखानी बीजकांच्या प्रती पुरवणारी ‘पॉन्टियॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस’ ही संस्था या बाजारात न्यायाधीशाच्या जागी बसली आहे.

गंमत अशी, की ज्या सोयीमुळे आज नकली जीटीओ तयार करता येते, त्याच सोयीतून अस्सल जीटीओ जन्माला आली. ती सोय हेरणाऱ्या चमूचा प्रमुख होता जॉन झॅकरी डीलोरियन. पुढे ‘बॅक टू द फ्यूचर’ या चित्रपटातील पंखवजा दारांच्या गाडीने त्याचे आडनाव जगभर पोहोचवले. पण अमेरिकेच्या मोटारउद्योगात त्याने उमटवलेला खरा ठसा त्या गाडीचा नव्हे, जीटीओचा आहे. त्या गाडीने त्याला जो धडा शिकवला, तो त्याने जन्मभर गिरवला.

डीलोरियनचा जन्म ६ जानेवारी १९२५ रोजी डेट्रॉइटमध्ये झाला. वडील रुमानियातून आलेले, फोर्डच्या ओतशाळेत राबणारे, अंगाने दांडगे आणि दारूच्या आहारी गेलेले. आई ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातून आलेली. ती जनरल इलेक्ट्रिकच्या एका विभागात हत्यारे जुळवण्याचे काम करी. चार भावांत जॉन थोरला. आईवडिलांचे पटेनासे होऊन १९४२ मध्ये घटस्फोट झाला. हुशार मुलांसाठीच्या कॅस टेक्निकल हायस्कूलमधून तो शिष्यवृत्तीवर लॉरेन्स इन्स्टिट्यूटमध्ये गेला. मध्ये तीन वर्षे लष्करात काढून त्याने १९४८ मध्ये पदवी घेतली. काही काळ आयुर्विमाही विकला. नंतर क्रायस्लरच्या शिक्षणसंस्थेतून पदव्युत्तर पदवी, पॅकार्ड कंपनीत स्वयंचलित गिअरबॉक्सवरील उत्तम काम आणि १९५६ मध्ये जनरल मोटर्सच्या पॉन्टियॅक विभागात प्रवेश, असा त्याचा प्रवास झाला. नोकरी सांभाळून १९५७ मध्ये त्याने मिशिगन विद्यापीठाची व्यवस्थापनाची पदवीही मिळवली.

पॉन्टियॅक त्या वेळी प्रौढ, सावध, निवृत्तीकडे झुकलेल्या गृहस्थांची गाडी समजली जाई. विभागप्रमुख बंकी नुडसेन, मुख्य अभियंता पीट एस्टेस आणि त्यांचा साहाय्यक डीलोरियन या त्रयीने ती प्रतिमा पुसायचे ठरवले. त्यासाठी शर्यतीचे मैदान निवडले. पॉन्टियॅकच्या गाड्या जिंकू लागल्या आणि तरुण गिऱ्हाईक दारात आले. १९६१ मध्ये नुडसेन शेव्हरलेटला गेला, एस्टेस विभागप्रमुख झाला आणि डीलोरियन मुख्य अभियंता. सारे सुरळीत चालले असताना जानेवारी १९६३ मध्ये वरून हुकूम आला की जनरल मोटर्सच्या कोणत्याही विभागाने यापुढे शर्यतीत भाग घ्यायचा नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या निम्म्याहून अधिक मोटारी एकट्या या कंपनीच्या होत्या. मक्तेदारीविरोधी कायद्याचा बडगा पडेल, ही भीती वरिष्ठांच्या मनात होती. शर्यतीच्या गर्जनेने सरकारचे लक्ष वेधून घेणे त्यांना परवडणारे नव्हते.

शर्यतीवर वाढलेल्या विभागाचा श्वासच अडकला. त्याच सुमारास मिलफर्डच्या चाचणी मैदानावर डीलोरियन, चेसिसचा अभियंता बिल कॉलिन्स आणि इंजिनांचा जाणकार रस गी हे १९६४ सालच्या टेम्पेस्टचा नमुना न्याहाळत होते. बोलता बोलता कॉलिन्सच्या लक्षात आले, की मोठ्या पॉन्टियॅकचे ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन याच खुंट्यांवर बसेल. इंजिन बदलायला फार वेळ लागणार नव्हता. आडवा येत होता तो एक नियम. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन घालू नये, असा जनरल मोटर्सचा दंडक होता.

डीलोरियनने नियमाचा मजकूर नीट वाचला. नवी गाडी काढायची तर मुख्यालयाची मंजुरी लागे. चालू गाडीवर एखादा वैकल्पिक संच द्यायला मात्र ती लागत नसे. मग मोठे इंजिन, दणकट स्प्रिंगा, दुहेरी धुराडी आणि बिल्ले यांचा संच करून त्याला सुमारे २९६ डॉलर किंमत लावली, तर मुख्यालयाला विचारायचे कारणच काय? एस्टेसने मान्यता दिली. विक्रीप्रमुखाचा मात्र विश्वास बसेना. त्याने ५,००० गाड्यांची मर्यादा घातली. वरिष्ठांच्या लक्षात हा प्रकार येईपर्यंत विक्रेत्यांच्या मागण्यांचा ढीग साचला होता. विकली जाणारी गाडी परत घ्या म्हणणारा वरिष्ठ डेट्रॉइटमध्ये दुर्मीळच. पहिल्या वर्षी ३२,४५० जीटीओ खपल्या, दुसऱ्या वर्षी ७५,३५२ आणि १९६६ मध्ये, स्वतंत्र गाडीचा दर्जा मिळाल्यावर, ९६,९४६. बाकीचे विभाग आणि प्रतिस्पर्धी कंपन्या धावत मागे आल्या. ज्यांना पुढे ‘मसल कार’ म्हटले गेले त्या गाड्यांची परंपरा इथून सुरू झाली. मोठ्या इंजिनाच्या वेगवान गाड्या अमेरिकेत आधीही होत्या. पण कारखान्यातील तरुण कामगाराला हप्त्यावर घेता येईल अशी आणि एवढ्या संख्येने निघालेली गाडी ही पहिली.

नावही उसने होते. फेरारीच्या गाजलेल्या शर्यती गाडीवरून डीलोरियनने ‘जीटीओ’ ही अक्षरे सरळ उचलली. युरोपीय गाड्यांचे भक्त संतापले, आणि त्या संतापाची फुकट जाहिरात झाली. मार्च १९६४ मध्ये ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाने दोन जीटीओंची तुलना छापली. फेरारी चाचणीला हजरही नव्हती. पॉन्टियॅकने मात्र ताशी शंभर किलोमीटरच्या आसपासचा वेग पाच सेकंदांच्या आत गाठला. वाचक चकित झाले. पॉन्टियॅकच्या जाहिरातींचे काम पाहणाऱ्या जिम वँगर्सने कैक वर्षांनंतर कबुली दिली, की मासिकाला दिलेल्या त्या गाडीत ३८९ नव्हे, तर रॉयल पॉन्टियॅक या विक्रेत्याकडे खास तयार केलेले ४२१ घनइंचांचे इंजिन लपवले होते. म्हणजे आजचे गिऱ्हाईक ज्या फसवणुकीला भिते, ती जीटीओच्या पहिल्याच वर्षी झाली होती, आणि करणारे घरचेच होते.

जीटीओचा जनक कोण, यावर पुढे बरीच धुसफूस झाली. कल्पना कॉलिन्सची, लोकांपर्यंत पोहोचवली वँगर्सने, सही एस्टेसची आणि कीर्ती डीलोरियनची, अशी वाटणी करणारे आजही भेटतात. ती अगदीच चुकीची नाही. पण कल्पना टेबलावर पडून राहिलेल्या आणि नियमाला हात जोडून गेलेल्या गाड्यांची संख्या मोजता येणार नाही एवढी असते. वरिष्ठांना न विचारता गाडी बाजारात उतरवण्याचा धोका घेणारा माणूस त्या खोलीत एकच होता.

या गाडीचा एक दोष मात्र सांगायला हवा. इंजिन मोठ्या गाडीचे आले, पण ब्रेक छोट्याच गाडीचे राहिले. चारही चाकांना ड्रम ब्रेक. जोरात पळवलेली गाडी दोन-तीनदा थांबवली की ते तापत आणि धरेनासे होत. स्टिअरिंगही सुस्त. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक मिळण्याची सोय १९६७ मध्ये झाली. जुनी जीटीओ विकणारा आज डिस्क ब्रेक बसवून देतो, तेव्हा तो डेट्रॉइटने घाईत सोडलेले काम पुरे करत असतो. डीलोरियनच्या कामाची रीतही अशीच होती. गाडी पळवण्याची विद्या त्याला उपजत होती. थांबवण्याची व्यवस्था दुसऱ्या कुणीतरी करायची.

१९६५ मध्ये चाळिसाव्या वर्षी तो पॉन्टियॅकचा प्रमुख झाला. जनरल मोटर्सच्या मोटारविभागाचा इतका तरुण प्रमुख तोवर झाला नव्हता. कॉलिन्सबरोबर त्याने दोन आसनांची, हलक्या वजनाची एक सुंदर गाडी तयार केली. शेव्हरलेटच्या कॉर्व्हेटला ती घरातच स्पर्धक होईल म्हणून वरिष्ठांनी ती गाडली. त्याऐवजी १९६७ ची फायरबर्ड हाती आली. स्वतःची दोन आसनी गाडी काढण्याचे शल्य मात्र त्याच्या मनात राहिले.

याच काळात त्याने गाडीवर केलेला प्रयोग स्वतःवर केला. वजन उतरवले, केस रंगवले, शस्त्रक्रियेने हनुवटी टोकदार करून घेतली, उघड्या कॉलरचे शर्ट घातले. पहिल्या पत्नीशी १९६९ मध्ये घटस्फोट झाला आणि त्याच वर्षी त्याने विशीतल्या तरुणीशी लग्न केले. तेही टिकले नाही. १९७३ मध्ये क्रिस्टिना फेरारे या मॉडेलशी तिसरा विवाह झाला. करड्या सुटांच्या त्या कंपनीत तो नटासारखा उठून दिसे, आणि त्याला ते आवडे. तरीही नुसता देखावा होता असे म्हणता येत नाही. १९६९ मध्ये शेव्हरलेटची सूत्रे हाती आली तेव्हा तो विभाग विस्कळीत होता. १९७१ मध्ये त्याच शेव्हरलेटने तीस लाखांहून अधिक वाहने विकली. १९७२ मध्ये उत्तर अमेरिकेतील सर्व मोटारी आणि ट्रक यांचा उपाध्यक्ष म्हणून तो वरच्या मजल्यावर गेला. अध्यक्षपद नजरेच्या टप्प्यात होते. एप्रिल १९७३ मध्ये त्याने राजीनामा दिला. समित्या, टाचणे आणि मंजुऱ्या यांत त्याचा जीव रमेना, हे खरे. वरिष्ठांनाही तो नकोसा झाला होता, हेही तितकेच खरे.

मसल कारचा काळही तेव्हा सरत आला होता. विम्याचे हप्ते तरुणांच्या आवाक्याबाहेर गेले होते, १९७० च्या वायुप्रदूषणविषयक कायद्याने इंजिने मंदावली होती आणि १९७३ च्या अखेरीस तेलसंकट आले. जीटीओ १९७४ नंतर बंद पडली.

१९७५ मध्ये डीलोरियनने स्वतःची कंपनी काढली. मुख्य अभियंता म्हणून बिल कॉलिन्सला बोलावले. इटलीच्या जॉर्जेतो जुजारोने आकार रेखला: रंग न दिलेला गंजरोधक पोलादी पत्रा आणि पंखांसारखी वर उघडणारी दारे. भांडवलासाठी डीलोरियन प्वेर्तो रिकोशी, आयर्लंडशी बोलणी करत होता. १९७८ मध्ये ब्रिटनच्या मजूर सरकारने त्याला उत्तर आयर्लंडमध्ये बोलावले आणि काही आठवड्यांत करार झाला. बेलफास्टजवळच्या डनमरीत कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांच्या मधोमध कारखाना उभा राहिला. पिढ्यान्‌पिढ्या बेकारी भोगलेल्या भागात बंदुका चालू असताना दोन्ही पंथांचे कामगार एकाच यंत्रपट्ट्यावर उभे राहिले. ब्रिटिश करदात्यांचा पैसा अखेर पाऊण अब्ज रुपयांच्या नव्हे, पाऊण शतकोटी पौंडांच्या दिशेने नव्हे, तर साडेसात कोटी पौंडांच्याही पुढे गेला.

गाडीचे अभियांत्रिकी काम लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनकडे सोपवले गेले. त्याने कॉलिन्सची रचना जवळजवळ मोडीत काढून आपल्या ‘एस्प्री’ गाडीचा कणा तिच्याखाली घातला. जीटीओपासून साथ देणारा कॉलिन्स १९७९ मध्ये बाहेर पडला. लोटसला देण्यासाठी काढलेले १ कोटी ७० लाखांहून अधिक डॉलर एका पनामा नोंदणीच्या कंपनीमार्फत वळते झाले आणि लोटसच्या हिशेबात पोहोचलेच नाहीत. चॅपमन डिसेंबर १९८२ मध्ये वारला. त्याचा हिशेबनीस १९९२ मध्ये या प्रकरणात तुरुंगात गेला. डीलोरियनवरचा ठपका कोणत्याही न्यायालयात सिद्ध झाला नाही.

जानेवारी १९८१ मध्ये गाड्या निघू लागल्या. अंगावर शर्यतीच्या गाडीचा डौल आणि आत सुमारे १३० अश्वशक्तीचे, सहा सिलिंडरचे, साधेसे युरोपीय इंजिन. सतरा वर्षांपूर्वीच्या जीटीओची कारखान्याने सांगितलेली ताकद ३२५ होती. साध्या अंगात दांडगे इंजिन दडवून नाव काढलेल्या माणसाने या वेळी दांडग्या अंगात साधे इंजिन घातले, आणि किंमत कॉर्व्हेटहून कितीतरी अधिक, २५,००० डॉलर ठेवली. अमेरिकेत मंदी होती. गाड्या बंदरावर साचत असताना त्याने उत्पादन वाढवले. जीटीओच्या वेळी चुकीचा अंदाज सावरून घ्यायला मागे जनरल मोटर्सची तिजोरी होती, तशी इथे नव्हती. मागे होते थॅचर सरकार, आणि त्याचा संयम संपला होता. फेब्रुवारी १९८२ मध्ये कंपनीवर प्रशासक नेमले गेले. सुमारे ९,००० गाड्या निघाल्या आणि अडीच हजारांच्या आसपास कामगार त्या वर्षाअखेर पुन्हा बेकार झाले. त्यांतल्या अनेकांची ती आयुष्यातली पहिली नोकरी होती.

कंपनी वाचवायला पैसा शोधत असताना डीलोरियनला एका जुन्या शेजाऱ्याचा फोन आला. हा शेजारी अमली पदार्थांच्या गुन्ह्यात सापडून सरकारचा खबऱ्या झाला होता. १९ ऑक्टोबर १९८२ रोजी लॉस एंजेलिसच्या विमानतळाजवळील हॉटेलात कोकेनने भरलेल्या पेटीसमोर डीलोरियनला अटक झाली. छुप्या कॅमेऱ्याने सारे टिपले होते आणि ती दृश्ये खटल्याआधीच दूरचित्रवाणीवर झळकली. तरीही १६ ऑगस्ट १९८४ रोजी पंचांनी त्याला निर्दोष ठरवले. गुन्ह्याची योजना सरकारी माणसांनी आखली आणि अडचणीतल्या माणसाला तीत ओढले, हा बचाव त्यांना पटला. १९८६ मध्ये डेट्रॉइटच्या फसवणुकीच्या खटल्यातूनही तो सुटला. मात्र पहिल्या निकालानंतर लवकरच क्रिस्टिना त्याला सोडून गेली.

‘बॅक टू द फ्यूचर’ १९८५ च्या जुलैत झळकला. कारखाना बंद होऊन तीन वर्षेही झाली नव्हती. विकली न गेलेली गाडी रातोरात साऱ्या जगाच्या ओळखीची झाली. तिच्या मालकाला त्यातून उभे राहता आले नाही. वकिलांच्या देण्यांनी तो पोखरला गेला, १९९९ मध्ये दिवाळखोर ठरला. न्यू जर्सीतील बेडमिन्स्टरची त्याची विस्तीर्ण जमीन गेली आणि पुढे डोनाल्ड ट्रम्प यांनी तिथे गोल्फचे मैदान केले. त्याने नवीन गाडीचे आराखडे शेवटपर्यंत आखले. १९ मार्च २००५ रोजी, ऐंशीव्या वर्षी, पक्षाघाताने त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर पाच वर्षांत पॉन्टियॅक हे नावही जनरल मोटर्सने मिटवले.

डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय गावात त्याचे दफन झाले. थडग्याच्या दगडावर दोन्ही दारे उघडलेली डीलोरियन गाडी कोरली आहे. तिथून वुडवर्ड अॅव्हेन्यू फार दूर नाही. साठच्या दशकात रॉयल पॉन्टियॅकच्या गाड्या रात्री याच रस्त्यावर शर्यती लावत. १९९५ पासून दर ऑगस्टमध्ये तिथे जुन्या मोटारींचा मोठा मेळा भरतो. जीर्णोद्धार झालेल्या जीटीओ संथपणे रांगेतून पुढे सरकत असतात. काहींच्या काचेवर विक्रीची पाटी असते आणि काहींच्या आसनावर, प्लॅस्टिकच्या पाकिटात, कारखान्याच्या जुन्या बीजकाची प्रत.